पाणमांजर आणि दगडफूल: तक्ता बाजूला ठेवा, आधी प्रश्न ठरवा

ताई, तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: मुलगी अकरावीला आहे. पर्यावरणाच्या प्रकल्पासाठी तिला ‘पाण्यात राहणारा एक सस्तन प्राणी आणि एक शैवाक यांची तुलना’ हा विषय मिळाला. शैवाक म्हणजे लायकेन, बुरशी आणि शेवाळ एकत्र राहून बनलेला जीव. तिनं पाणमांजर आणि मसाल्यातलं दगडफूल निवडलं. तक्ता करायला बसली, तर ‘एक प्राणी, एक बुरशी, एक पळतो, एक हलत नाही’ याच्यापुढे काही सुचेना. शिवाय नाशिकमध्ये राहून यातलं प्रत्यक्ष काय बघता येईल, हेही तुम्हाला हवंय.

मी नाशिकमध्ये तीस वर्षं जीवशास्त्र शिकवलं. त्यातली बरीच वर्षं मुलांना घेऊन नदीकाठ आणि डोंगर पायी फिरण्यात गेली, त्यामुळे उत्तर जरा लांबणार आहे.

मुलीची निवड चांगली आहे. अडचण आहे ती तक्त्यात. फरकांचा तक्ता कुठल्याही दोन गोष्टींचा होतो आणि त्यातून हाती काही लागत नाही. तुलना करायची म्हणजे दोघांनाही एकच प्रश्न विचारायचा आणि दोघांची उत्तरं शेजारी ठेवून बघायची. मी तिच्या जागी असतो तर हा प्रश्न घेतला असता: भोवतालचं पाणी आणि हवा या जिवाच्या अंगात कुठल्या वाटेनं शिरते, आणि म्हणून तो एखाद्या जागी असण्यावरून किंवा नसण्यावरून त्या जागेबद्दल आपण काय म्हणू शकतो? एवढा एक प्रश्न धरला की बाकीचं सगळं त्याच्याभोवती आपोआप रचलं जातं.

आधी नावांचा घोळ मिटवू. पाणमांजराला मराठीत ऊदही म्हणतात. उदमांजर हा मात्र वेगळाच प्राणी. रात्री झाडांवर फिरणारा, फळं खाणारा, द्राक्षबागेत आणि जुन्या वाड्यांच्या माळ्यावर सापडणारा. ‘आमच्या मळ्यात पाणमांजर आलंय’ म्हणून मला आलेले बहुतेक फोटो उदमांजराचे नाहीतर मुंगसाचे होते. भारतात पाणमांजराच्या तीन जाती आहेत. तिनं त्यातली मऊ केसांची जात घ्यावी, शास्त्रीय नाव लुट्रोगॅली पर्स्पिसिलाटा. मोठं जनावर सात ते अकरा किलोचं असतं आणि कुटुंबानं राहतं. धोक्यातल्या जातींच्या आंतरराष्ट्रीय यादीत ही जात ‘असुरक्षित’ गटात आहे, आणि २०१९ पासून तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर सगळ्यात कडक बंदी आहे.

दगडफुलाचं पुस्तकातलं नाव पार्मोट्रेमा परलाटम. पण काळ्या मसाल्यासाठी आपण जी पुडी आणतो तिच्यात बहुधा दोन-चार जातींची सरमिसळ असते, कारण गोळा करणारे लोक झाडांवरून आणि खडकांवरून सारखं दिसेल ते खरवडून आणतात. तेव्हा पुडीतल्या तुकड्याला छातीठोकपणे एका जातीचं नाव देऊ नये. ‘दगडफूल म्हणून विकलं जाणारं शैवाक’ एवढंच लिहिलं तरी ते खरं असेल, आणि तपासणाऱ्या शिक्षकांना त्यातली काळजी दिसेल.

इथेच तुलनेतला पहिला खरा मुद्दा हाती येतो. पाणमांजर म्हणजे एकच जीव. शैवाक हा संसार आहे. बुरशी घर बांधते, आत शेवाळाच्या पेशी राहतात, उन्हात अन्न तयार करतात आणि बुरशीला पोसतात. सायमन श्वेंडेनर या स्विस वनस्पतिशास्त्रज्ञानं १८६७ मध्ये हे मांडलं तेव्हा शैवाकांच्या अभ्यासात मुरलेल्या लोकांनीच त्याला कडाडून विरोध केला. पुढे तेच खरं ठरलं. २०१६ मध्ये तर अनेक शैवाकांच्या वरच्या सालीत यीस्टच्या जातीची आणखी एक बुरशी सापडली. शास्त्रीय नाव मात्र या संसारातल्या मुख्य बुरशीचंच धरतात. म्हणजे ‘पार्मोट्रेमा परलाटम’ म्हटलं की नाव बुरशीचं झालं. आतल्या शेवाळाचं नाव निराळं.

मुलीला आणखी एक गोष्ट सांगा, वर्गात ती ऐकून मुलं नेहमी सावरून बसायची. उत्क्रांतीच्या झाडावर बुरशी ही वनस्पतींपेक्षा प्राण्यांच्या जवळ आहे. म्हणजे दगडफुलातली बुरशी ज्या आंब्याच्या खोडावर बसलीय, त्या आंब्यापेक्षा ती पाणमांजराची जवळची नातलग आहे. नातं फार जुनं, पण खरं. ‘एक प्राणी, एक वनस्पती’ अशी ओळ तक्त्यात असेल तर ती आजच खोडायला सांगा.

आता मूळ प्रश्नाकडे. भोवताल अंगात शिरतो कसा?

पाणमांजर बराच वेळ पाण्यात असतं, पण पाणी त्याच्या कातडीला लागत नाही. वर राठ केस, खाली दाट लव, आणि त्या लवेत अडकलेली हवा. डॉल्फिन किंवा देवमाशासारखा चरबीचा जाड थर त्याच्याकडे नाही, म्हणून ऊब टिकवायला ही हवा आणि भरपूर अन्न लागतं. एका मोठ्या जनावराला दिवसाला साधारण किलोभर मासे लागतात. पाच जणांचं कुटुंब धरा, वर्षाला अठराशे किलोच्या पुढे गेलं. एवढे मासे देणारी नदी बारमाही हवी, तिला डोह हवेत, काठाला झाडी किंवा खडकांचा आडोसा हवा. नदीतलं विष पाणमांजरात शिरतं ते या तोंडाच्या वाटेनं. शेतातलं औषध ओढ्यात उतरतं, किड्यांत जातं, किडे खाणाऱ्या छोट्या माशांत साठतं, ते खाणाऱ्या मोठ्या माशांत आणखी साठतं, आणि साखळीच्या टोकाला बसलेल्याच्या ताटात सगळ्यांचा हिशेब एकत्र येतो. इंग्लंडमध्ये १९५७ च्या सुमारास पाणमांजरं झपाट्यानं कमी होऊ लागली. बियाण्याला चोळायचं आणि मेंढ्या बुडवून काढायचं डिल्ड्रिन नावाचं कीटकनाशक तेव्हा नुकतंच वापरात आलं होतं. ते बंद झाल्यावर आणि नद्या सुधारल्यावर प्राणी परत आला, पण शेवटच्या केंट परगण्यात तो पुन्हा दिसायला २०११ उजाडलं. विष घालायला दोन-तीन वर्षं पुरली, उतरायला अर्धं शतक लागलं.

दगडफुलाला तोंड नाही. मूळही नाही. तळाशी काळे बारीक धागे असतात, पण ते नुसते पकडून ठेवायला. झाडाच्या पानावर मेणाचा थर असतो, श्वासाची छिद्रं उघडतात-मिटतात, म्हणजे बाहेरचं काय आत घ्यायचं यावर झाडाचा थोडा तरी ताबा असतो. शैवाकाकडे यातलं काही नाही. पाऊस, दव, धुकं, धूळ, जे अंगावर पडेल ते सगळ्या अंगानं शोषलं जातं. ते पानगळही करत नाही. झाड निदान खराब पान टाकून देतं; शैवाक वर्षानुवर्षं तेच अंग घेऊन बसतं. कोळसा जाळला की निघणारा सल्फर डायऑक्साइड ओल्या शैवाकात विरघळतो आणि शेवाळाचं हरितद्रव्य नासवतो. घरातला अन्न कमावणाराच गेला की घर टिकत नाही. शैवाकं हवेच्या स्वच्छतेचं माप ठरू शकतात, हे शैवाकांचा अभ्यासक विल्यम नायलँडरनं पॅरिसच्या लक्झेंबर्ग बागेतल्या झाडांवरची शैवाकं बघून १८६६ मध्येच लिहून ठेवलंय.

साठवण्यातही दोघं एकमेकांची आठवण करून देतात. १९८६ मध्ये चेर्नोबिलची दुर्घटना झाली तेव्हा किरणोत्सारी सीझियम पावसाबरोबर स्वीडन-नॉर्वेत उतरलं. तिथल्या शैवाकांनी ते शोषलं, हिवाळ्यात त्यावरच जगणाऱ्या रेनडिअरांच्या मांसात ते गेलं, आणि रेनडिअर पाळणाऱ्या तिथल्या सामी लोकांना ते मांस टाकून द्यावं लागलं. म्हणजे पाणमांजर साखळीच्या वरच्या टोकाला आणि शैवाक खालच्या टोकाला, पण विषाचा हिशेब दोघांच्याही अंगावर लिहिला जातो. पाणमांजराच्या अंगावर पाण्याचा, दगडफुलाच्या अंगावर हवेचा.

आणि एक उलटापालट मला स्वतःला फार आवडते. पाणमांजराचे पूर्वज जमिनीवरचे. ते पाण्यात उतरले, तर अंगाभोवती हवेचं अस्तर घेऊन उतरले. शेवाळ ही मुळात ओलाव्याची प्रजा. बुरशीच्या घरात राहून ते उघड्या कातळावर, एप्रिलच्या उन्हात जाऊन बसलं. वाळलं की सगळे व्यवहार थांबवायचे, पाऊस आला की काही मिनिटांत पुन्हा सुरू करायचे. ही ताकद एवढी आहे की २००५ मध्ये युरोपीय अवकाश संस्थेनं दोन जातींची शैवाकं यानाच्या बाहेर उघड्या अवकाशात सुमारे पंधरा दिवस ठेवली, आणि परत आल्यावर ती जिवंत निघाली. पाणमांजराला असं थांबता येत नाही. त्याला रोज मासे हवेत.

इथवरचं एकदा जुळवून घेऊ. प्रश्न एकच: भोवताल अंगात कसा शिरतो. पाणमांजरात तोंडावाटे, साखळीतून साठत, पाण्याची खबर घेऊन. दगडफुलात सगळ्या अंगानं, थेट, हवेची खबर घेऊन. एकाचं शरीर सतत चालू, दुसऱ्याचं बंद पडून पुन्हा चालू होणारं.

आता प्रश्नाचा दुसरा भाग, असणं आणि नसणं. प्रकल्पात खरा कस इथे लागेल. मी दोन्हीकडे चुकलोय, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

नोकरीत नवा असताना आम्ही गोदावरीच्या खालच्या अंगाला एका पट्ट्यात दोन हिवाळे फिरलो. पाणमांजर एकदाही दिसलं नाही. अहवालात मी ‘पाणमांजर नाही’ असं लिहून मोकळा झालो. नंतर तिथे जाळी टाकणाऱ्या एका काकांनी मला पाण्यालगतच्या सपाट खडकावर नेलं. खडकावर विष्ठा होती. माशांचे खवले आणि खेकड्याच्या कवचाचे तुकडे भरलेली, उग्र मासळी वासाची. त्याच खडकावर ताजी आणि जुनी, दोन्ही. पाणमांजरं एकाच ठरावीक जागी विष्ठा टाकून एकमेकांना निरोप ठेवतात. आम्ही मुलांना घेऊन नऊला पोचायचो. माणसांची वर्दळ असेल तिथे ती पहाटे, संध्याकाळी किंवा रात्री फिरतात. आम्हाला दिसलं नाही, एवढंच खरं होतं. ‘नाही’ हा शब्द मी स्वतःच्या पदरचा घातला होता. फिरणारा, लाजणारा, मोठ्या पट्ट्यात वावरणारा प्राणी दिसला नाही यावरून फार थोडं म्हणता येतं. उलट एकदा विष्ठेचा खडक सापडला की तेवढ्यावरून पुष्कळ म्हणता येतं.

दगडफुलाचं याच्या उलट वाटतं. ते पळत नाही, लपत नाही. खोडावर नाही म्हणजे नाही. म्हणून मी एकदा शहरातल्या रस्त्यावरचे कडुनिंब आणि त्र्यंबकच्या बाजूचे आंबे यांची तुलना करून ‘तिकडची हवा स्वच्छ’ असा निष्कर्ष काढला. हवा तिकडची स्वच्छ असेलही, पण माझ्या मोजणीवरून ते सिद्ध होत नव्हतं. झाडं वेगळी, सालींचा खरखरीतपणा वेगळा, सालीची आम्लता वेगळी. आणि सगळ्यात मोठं म्हणजे पाऊस. नाशिक जिल्ह्यात इगतपुरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो आणि सिन्नर-येवल्याकडे पाचशे-सहाशे. ओलाव्यावर जगणाऱ्या जिवाच्या बाबतीत एवढा फरक हवेच्या फरकाला सहज झाकून टाकतो. म्हणजे शैवाक नाही हे नक्की कळतं, पण ते का नाही हे कळायला बाकीची कारणं एकेक करून बाजूला काढावी लागतात.

नाशिकपुरती आणखी दोन कारणं लक्षात ठेवायला सांगा. एक म्हणजे द्राक्षबागा. दिंडोरी, निफाड, पिंपळगावकडे ऑक्टोबर छाटणीनंतर फवारण्या सुरू होतात, आणि मोरचूद-चुन्याचं बोर्डो मिश्रण हे तर बुरशी मारायलाच बनवलेलं औषध. बांधावरच्या आंब्यावर शैवाक नसेल तर हवेला दोष देण्याआधी फवारणीचा पंप आठवावा. दुसरं म्हणजे रस्त्याकडेच्या झाडांना बुंध्याशी मारलेला गेरू आणि चुना. त्या पट्ट्यात मोजून उपयोग नाही. एकलहऱ्याला कोळशावर चालणारं वीज केंद्र आहे, सातपूर-अंबडला कारखाने आहेत, म्हणून तिथे शैवाकं नसणारच असं घरूनच ठरवून जाऊ नये. मोजावं, आणि जे दिसेल ते लिहावं. काही शैवाकं प्रदूषणाला दाद देत नाहीत. पिक्झिन कोकोस नावाचं करड्या रंगाचं शैवाक भारतातल्या गजबजलेल्या शहरांतही तगून राहतं आणि हवेतले जड धातू मोजायला अभ्यासक तेच वापरतात. तेव्हा नुसतं ‘शैवाक आहे’ एवढंही पुरेसं नसतं, कुठल्या प्रकारचं आहे ते बघावं लागतं.

प्रत्यक्ष काय करता येईल ते सांगतो. किती वेळ आहे आणि सोबत कोण येणार, यावर यातलं काय जमेल ते ठरेल. एकच रविवार असेल तर शैवाकांची मोजणी करा आणि पाणमांजराचं वाचून लिहा. दोन-तीन रविवार असतील तर दोन्ही.

मोजणीसाठी पुठ्ठ्याची किंवा सुतळीची शिडी करायची: दहा सेंटिमीटरचे पाच चौकोन, एकावर एक. खोडावर जमिनीपासून एक मीटर उंचीवर तिचं खालचं टोक धरायचं, आणि पूर्व, पश्चिम, उत्तर, दक्षिण अशा चारही बाजूंना लावायची. वीस चौकोन झाले. अकरावीला जाती ओळखायची गरज नाही, तीन गट पुरेत: सालीला खपलीसारखं चिकटलेलं, दगडफुलासारखं पानाच्या आकाराचं, आणि झुडपासारखं किंवा दाढीसारखं लोंबणारं. वीसपैकी किती चौकोनांत कुठला गट दिसला ते लिहायचं. साधारणपणे खपलीचा गट सगळ्यात सोशिक आणि दाढीचा सगळ्यात नाजूक. झाडं सगळी एकाच जातीची, साधारण सारख्या घेराची, सरळ खोडाची. आंबा बरा, सगळीकडे सापडतो. आणि जागा निवडताना पावसाचं मान जवळपास सारखं असू द्या: गंगापूर रोडच्या एखाद्या जुन्या बागेतले पाच आंबे आणि वर्दळीच्या चौकाजवळचे पाच आंबे, हे चालेल. गंगापूर रोड आणि जास्त पावसाचा हरिहर किल्ल्याचा पायथा, हे नको.

खोडावरचं किंवा कातळावरचं काही खरवडू नका. पानाच्या आकाराची शैवाकं वर्षाला काही मिलिमीटरच वाढतात, तळहाताएवढा तुकडा म्हणजे मुलीच्या वयापेक्षा जुना असू शकतो. सूक्ष्मदर्शकाखाली बघायला रविवार कारंजावरून दगडफुलाची पुडी आणा. तुकडा भिजवून नव्या ब्लेडनं आडवा पातळ काप घ्यायचा. वर बुरशीची दाट साल, तिच्याखाली शेवाळाच्या गोल पेशींचा थर, मग कापसासारखा पांढरा भाग आणि तळाला काळी साल, असे थर दिसतात. प्रयोगशाळेतला लिटमस कागद ज्या रंगानं बनतो तोही मूळचा शैवाकांतूनच काढलेला, हे तिथेच वहीत लिहून टाकावं.

पाणमांजरासाठी निफाड तालुक्यातल्या नांदूर मध्यमेश्वरला जा. गोदावरी आणि कादवा जिथे मिळतात तिथली ही पाणथळ. जानेवारी २०२० मध्ये तिला रामसर दर्जा, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळींना मिळणारी आंतरराष्ट्रीय मान्यता, मिळाल्याचं जाहीर झालं आणि ती महाराष्ट्रातली पहिली रामसर जागा ठरली. तिथल्या प्राण्यांच्या यादीत पाणमांजर आहे. पण दिसेलच या आशेनं मुलीला नेऊ नका, नाहीतर ती हिरमुसून परत येईल आणि वहीत काही लिहिणार नाही. अभयारण्य आहे, तेव्हा काठावर मनानं उतरायचं नाही. चापडगावच्या बाजूला मनोऱ्यावरून बघायचं आणि तिथल्या वाटाड्याला विचारायचं. पहाटे पोचावं. किती तास बघितलं, कुठून बघितलं, काय दिसलं हे लिहायचं. ‘तीन तास, चापडगाव मनोरा, पाणमांजर शून्य’ ही नोंद ‘पाणमांजर नाही’ यापेक्षा कितीतरी मोलाची आहे, कारण उद्या दुसरं कुणी तिथे पन्नास तास बसलं तर ते या नोंदीत आपली भर घालू शकेल. काठावर मासेमारी करणाऱ्या दोन-तीन जणांशी बोला. त्यांच्या जाळ्यांचं नुकसान होतं, त्यामुळे या प्राण्याबद्दल त्यांचं म्हणणं आपल्यासारखं नसेल. तेही तसंच लिहावं.

निष्कर्षात शिक्षक कदाचित विचारतील, ‘मग जास्त चांगला निदर्शक, म्हणजे जागेची खबर देणारा जीव, कोणता?’ तिनं सरळ म्हणावं की पाण्याबद्दल विचारलं तर पाणमांजर, हवेबद्दल विचारलं तर शैवाक, आणि अकरावीच्या मुलीला दोन-तीन रविवारांत खरोखर मोजता येणारं शैवाक.

जाताना पाण्याची फवारणीची बाटली सोबत न्या. कोरड्या दिवसांत शैवाक खोडाच्या सालीत मिसळून जातं, करड्या डागासारखं दिसतं, आणि मुलं ते ओलांडून पुढे जातात. दोन-तीन फवारे मारले की वरची साल पारदर्शक होते आणि आतला हिरवा थर वर उमटतो. शेजारी रुपयाचं नाणं धरून एक फोटो कोरड्याचा काढा आणि मिनिटभरानं त्याच जागेचा ओल्याचा.